टीव्ही लागत नाही : बिघाड कुठे, दुरुस्ती कुणाकडे, निर्णय कसा

टीव्ही लागत नाही म्हटले की घरात तासाभरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो मेकॅनिकला बोलवा, दुसरा म्हणतो एवीतेवी जुनाच झाला होता, नवा घेऊ. मधल्या काळात रिमोटच्या बॅटऱ्या चोळून होतात, प्लग चार वेळा काढून-घालून होतो. पण नेमके काय बिघडले आहे, हे दोन्ही पक्षांना ठाऊक नसते. मग निर्णय अंदाजाने होतो, आणि अंदाज बहुधा खिशाला महाग पडतो.

वास्तविक ‘टीव्ही लागत नाही’ या एका वाक्यात पाच-सहा वेगवेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात. त्यांतल्या काहींना दमडीचा खर्च नाही, काही चहा-नाश्त्याच्या पैशांत सुटतात, आणि एखादी जवळजवळ नव्या टीव्हीइतकी महाग पडते. कोणती तक्रार कोणत्या गटातली, हे लक्षणांवरून बरेचसे ओळखता येते आणि त्यासाठी मागचे झाकण उघडावे लागत नाही. त्यापुढचा प्रश्न मात्र वेगळा आहे: बिघडलेला भाग मिळेल का, आणि तो बदलून देणारा कुणी भेटेल का? धडधाकट पॅनलचा टीव्ही भंगारात जातो तो याच दुसऱ्या प्रश्नावर अडून. म्हणून या आढाव्यात आधी बिघाड पाहू, मग दुरुस्तीची व्यवस्था.

पिक्चर ट्यूब ते पॅनल

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, १९८२ मध्ये देशात रंगीत प्रसारण आले, आणि त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ आपल्या घरांत पिक्चर ट्यूबचे राज्य होते. त्या सेटचे आजार ठरलेले होते. एकवीस इंची रंगीत ट्यूबला सुमारे २५ हजार व्होल्टचा दाब लागे. तो देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरला मेकॅनिक ‘ईएचटी’ म्हणत. पावसाळी दमट हवेत त्यातून ठिणग्या उडून चटचट आवाज येई. ईएचटी गेला किंवा त्याला चालवणारा हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला, की सेट डेड. मेकॅनिक सेट उघडी, भाग काढी, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून तसाच दुसरा आणी आणि डाग देऊन मोकळा होई. दुरुस्ती म्हणजे सुटा भाग बदलणे, हे तेव्हा गृहीतच होते.

आजच्या सपाट टीव्हीत ईएचटी नाही. मागचे झाकण काढले तर आत फार काही दिसतही नाही: एक पॉवर सप्लायचा बोर्ड, एक मदरबोर्ड, पॅनलला चित्राचे संकेत वाटून देणारा टी-कॉन नावाचा छोटा बोर्ड, आणि पुढे पॅनल व त्यामागे उजेड देणाऱ्या एलईडीच्या पट्ट्या. स्वस्त छोट्या सेटमध्ये यांतले दोन-तीन बोर्ड एकाच पाटीवर असतात. मेकॅनिक त्याला ‘कॉम्बो बोर्ड’ म्हणतात. बोर्ड कमी झाले, पण प्रत्येक बोर्डावरची गुंतागुंत वाढली. मदरबोर्डवर आता अख्खा संगणक असतो, प्रोसेसर, मेमरी आणि अँड्रॉइडसारखी प्रणाली यांसह.

निदानाची किल्ली एकच: टीव्ही सुरू होण्याचा क्रम. प्लगमधली वीज आधी स्टँडबाय सप्लायमध्ये येते आणि तिथून साधारण ५ व्होल्ट तयार होतात. त्यावर एक छोटा नियंत्रक जागा राहतो आणि समोरचा लाल दिवा लागतो. रिमोटचे बटण दाबले की हा नियंत्रक मुख्य सप्लायला ‘चालू हो’ असा संकेत देतो आणि १२ किंवा २४ व्होल्टचे दाब येतात. मदरबोर्ड मेमरीतून प्रणाली उचलतो, पडद्यावर कंपनीचे बोधचिन्ह येते. शेवटी बॅकलाइटला हुकूम जातो आणि पडदा उजळतो. साखळी कोणत्या पायरीवर थांबली ते कळले, की पाऊण निदान झाले.

आधी भिंत, मग रिमोट

पहिली तपासणी टीव्हीची नसतेच. ज्या पॉइंटवर टीव्ही आहे त्यावर टेबल लॅम्प किंवा पंखा लावून पाहावा. केवळ टेस्टर पेटला म्हणून पॉइंट ठीक आहे असे धरू नये. टेस्टर फेज असल्याचे सांगतो. न्यूट्रल तुटलेली असली तरी तो तसाच पेटतो आणि टीव्हीला मात्र वीज मिळत नाही. एक्स्टेन्शन बोर्ड आणि स्पाइक गार्ड मधून काढून टीव्ही थेट भिंतीवरच्या पॉइंटला लावावा. स्पाइक गार्डचा स्वतःचा फ्यूज किंवा रिसेट बटण उडालेले असणे ही नेहमीची गोष्ट आहे. अनेक सेटची वायर टीव्हीच्या मागे खोचलेली असते. भिंतीवर टांगलेला सेट पुसताना-सरकवताना ती सैल होते आणि वरवर बसलेली दिसते.

लाल दिवा लागतो पण रिमोटला टीव्ही दाद देत नाही, तेव्हा संशय रिमोटवर. रिमोटच्या टोकाचा एलईडी डोळ्यांना न दिसणारी अवरक्त किरणे सोडतो, मोबाइलचा कॅमेरा ती पाहू शकतो. रिमोट कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबले की जांभळट ठिपका लुकलुकताना दिसावा. काही फोनच्या मागच्या कॅमेऱ्यात ही किरणे गाळली जातात, म्हणून पुढच्या कॅमेऱ्यानेही पाहावे. ठिपका नसेल तर बॅटऱ्या, त्यांच्या गंजलेल्या पट्ट्या किंवा रिमोट, यांपैकी काहीतरी दोषी. उलटही घडते: रिमोटचे एखादे बटण आत दबून राहते, तो सतत संकेत सोडत राहतो आणि टीव्ही गोंधळतो. बॅटऱ्या काढून टीव्हीवरच्या बटणाने सेट लावून पाहिला की हा प्रकार लक्षात येतो. टीव्हीवर बटण कुठे आहे हे बहुतेकांना ठाऊक नसते. ते खालच्या कडेला, बोधचिन्हाच्या मागे किंवा पाठीमागे उजव्या बाजूला चाचपडल्यास सापडते.

टीव्ही चालू असूनही बंद वाटतो, अशाही परी आहेत. सेट-टॉप बॉक्स बंद असतो, इनपुट चुकून दुसऱ्या एचडीएमआयवर गेलेले असते, किंवा गाणी ऐकण्यासाठी दिलेला ‘पिक्चर ऑफ’चा पर्याय कुणीतरी दाबलेला असतो. लाल दिवा विझला आहे पण पडदा काळा आहे, असे दिसले तर रिमोटने आवाज वाढवून आणि मेनू उघडून पाहावे.

घरच्या उपायांतला सर्वांत गुणकारी उपाय म्हणजे पूर्ण विसर्जन. टीव्हीचा प्लग काढून, सेटवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरायचे, मग पाच-दहा मिनिटांनी प्लग लावायचा. यात जादू काही नाही. टीव्ही रिमोटने ‘बंद’ केला तरी नियंत्रक जागाच असतो. महिनोन्महिने जागा राहिलेला हा नियंत्रक विजेच्या एखाद्या झटक्याने अडकतो. कपॅसिटरमध्ये साठलेला भार उतरला की त्याला नव्याने सुरुवात करावी लागते. रिमोटने बंद-चालू केल्याने हे होत नाही.

लाल दिवा काय सांगतो

इतके करूनही सेट लागत नसेल तर समोरच्या दिव्याकडे पाहावे. चार शक्यता असतात.

दिवा अजिबात नाही: स्टँडबाय सप्लाय मेलेला आहे, किंवा त्याच्या आधी फ्यूज उडाला आहे. कधी मदरबोर्डवर शॉर्टिंग असते आणि सप्लाय स्वतःला वाचवण्यासाठी गप्प बसतो.

दिवा स्थिर आहे, पण बटणाला प्रतिसाद नाही: स्टँडबाय ठीक आहे. दोष मुख्य सप्लायमध्ये, मदरबोर्डच्या नियंत्रकात किंवा रिमोट घेणाऱ्या डोळ्यात.

दिवा लुकलुकतो: सेट स्वतःची तक्रार सांगत असतो. सोनीच्या ब्राव्हिया सेटमध्ये दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो, थांबतो, पुन्हा तितक्याच वेळा लुकलुकतो; त्या आकड्यावरून सप्लाय, बॅकलाइट की पॅनल हे कळते. इतर कंपन्यांचेही असे संकेत आहेत, मात्र अर्थ कंपनीगणिक आणि मॉडेलगणिक बदलतो. मेकॅनिकला फोन करताना मॉडेल क्रमांक आणि लुकलुकण्याचा आकडा सांगितला तर तो योग्य भाग घेऊनच येईल. मोबाइलवर केलेले दहा सेकंदांचे चित्रीकरण याहून उपयोगी.

दिवा बदलतो, आवाज येतो, पडदा मात्र काळा: सप्लाय आणि मदरबोर्ड जिवंत आहेत, बॅकलाइट गेला आहे. हा आजच्या एलईडी सेटचा खास आजार आहे.

सप्लाय : स्वस्त भाग, मोठा घोटाळा

पॉवर सप्लायच्या बोर्डाला सगळे ‘एसएमपीएस’ म्हणतात. घरातल्या २३० व्होल्ट एसीचे शिखर ३२५ व्होल्टपर्यंत असते. ब्रिज रेक्टिफायर तितक्याच डीसीने एक मोठा कपॅसिटर भरतो आणि पुढे सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करणारा ट्रान्झिस्टर त्यातून हवे ते छोटे दाब काढतो. मोठ्या सेटमध्ये हा आकडा आणखी चढवून ३८० ते ४०० व्होल्ट केला जातो. प्लग काढल्यावरही तो मोठा कपॅसिटर काही काळ भरलेला राहू शकतो. मागचे झाकण घरी उघडू नये, ते याच कारणासाठी. झाकणावरचा इशारा औपचारिक नाही, तो झटका जीवघेणा ठरू शकतो.

या बोर्डावरचा सर्वांत बदनाम भाग म्हणजे दुय्यम बाजूचे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर. उष्णतेने त्यांतले द्रव सुकते, डोके फुगते, अंतर्गत रोध वाढतो. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते. भिंतीला चिकटवून टांगलेला, वायुवीजनाच्या फटी धुळीने बुजलेला सेट त्यामुळेच लवकर थकतो. लक्षणे ओळखीची असतात: टीव्ही लगेच लागत नाही, टकटक आवाज करत चार-पाच प्रयत्नांनी लागतो, मग हा वेळ वाढत जातो, आणि एक दिवस लागतच नाही. मेकॅनिकने मीटर लावला तर ५ किंवा १२ व्होल्ट नीट दिसतात, पण भार पडताच दाब कोसळतो. या शतकाच्या पहिल्या दशकात सदोष द्रवाच्या कपॅसिटरांनी जगभर संगणकांचे मदरबोर्ड फोडले होते. अमेरिकेत सॅमसंगच्या काही टीव्हींबाबत अशाच कपॅसिटरांवरून ग्राहकांनी सामूहिक दावा लावला आणि २०१२ मध्ये तडजोड होऊन कंपनीने दुरुस्तीची जबाबदारी मान्य केली. दोषी भाग काही रुपयांचा, त्याने थांबवलेला सेट हजारोंचा.

फ्यूज उडाला असेल तर नुसता फ्यूज बदलून भागत नाही. फ्यूज बहुतेकदा दुसऱ्या कशामुळे तरी उडतो: ब्रिज, मुख्य ट्रान्झिस्टर किंवा व्हॅरिस्टर शॉर्ट झालेला असतो. जाणकार मेकॅनिक म्हणूनच सेटला वीज देताना मध्ये साठ-शंभर वॉटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावतो. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर सप्लाय निरोगी. लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्टिंग आहे आणि ती वीज बल्बने पचवल्यामुळे नवा भाग वाचला. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळणारा मेकॅनिक दिसला तर सेट उचलून घरी आणावा.

आपल्याकडचा आणखी एक गुन्हेगार कंपनीच्या कोणत्याच पुस्तिकेत नसतो. एसएमपीएसची ऊब झुरळे, मुंग्या आणि पालींना आवडते. पाल दोन टोकांत अडकून शॉर्टिंग होणे, झुरळांच्या विष्ठेने बोर्डाच्या रेघा खाऊन जाणे, हे मेकॅनिकच्या टेबलावरचे नित्याचे दृश्य. कोकणात त्यात दमट, खारी हवा भर घालते.

चूक टीव्हीची नसते तेव्हा

एकाच दिवशी वाडीतले, चाळीतले किंवा एका इमारतीतले अनेक टीव्ही मेले, तर कारण बहुधा बाहेरच्या तारांत असते. आपल्या रस्त्यावरून तीन फेज आणि एक न्यूट्रल जाते. प्रत्येक घराला एक फेज आणि सामाईक न्यूट्रल मिळते. ही सामाईक न्यूट्रल खांबावर किंवा ट्रान्सफॉर्मरपाशी तुटली, की वेगवेगळ्या फेजवरची घरे एकमेकांशी सिरीजमध्ये जोडली जातात आणि दोन फेजमधले ४०० व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. ज्या घरात भार कमी, त्याच्या वाट्याला दाब जास्त. चाळीस-पन्नास व्होल्टची वाढ टीव्ही सोसतो, पण ३५०-४०० व्होल्ट आले की डीसी ५०० च्या आसपास किंवा त्याच्याही पुढे जाते आणि ४५० व्होल्टपर्यंतचाच मुख्य कपॅसिटर फुटतो. दाराशी उभा असलेला व्हॅरिस्टर स्वतः शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो आणि बऱ्याचदा बाकीचा बोर्ड वाचवतो.

दिवे अचानक प्रखर होणे, पंखा भलत्याच वेगाने फिरणे, शेजारच्या घरी मात्र दिवे मंद होणे, ही न्यूट्रल तुटल्याची खूण आहे. अशा वेळी घरातला मुख्य स्विच ताबडतोब बंद करावा आणि १९१२ या क्रमांकावर वीज कंपनीकडे तक्रार नोंदवून क्रमांक घ्यावा. पुढे भरपाईचा विषय निघालाच तर लेखी नोंदीशिवाय हातात काही नसते.

स्टॅबिलायझर घ्यावा की नाही, हा प्रश्न इथेच सुटतो. पिक्चर ट्यूबच्या काळात दाब उतरला की चित्र आकसे, म्हणून स्टॅबिलायझर लागे. आजच्या बहुतेक सेटवर १००-२४० व्होल्ट असे छापलेले असते. कमी दाब त्यांना फारसा बाधत नाही. त्यांना मारतो तो जादा दाब. म्हणून ग्रामीण भागात, किंवा जिथे वीज सारखी जाते-येते तिथे, जादा दाबाला वीज तोडणारे उपकरण उपयोगाचे. साधा स्पाइक गार्ड क्षणिक लाटा शोषतो, मिनिटभर टिकणाऱ्या ४०० व्होल्टपुढे त्याचा निभाव लागत नाही.

वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात कडाडणाऱ्या विजेचा मार्ग वेगळा असतो. ती प्लगमधून येतेच, शिवाय केबल किंवा डिशच्या तारेतून सेट-टॉप बॉक्समध्ये आणि तिथून एचडीएमआयने मदरबोर्डमध्ये शिरते. भिंतीवरचे बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण ते फक्त फेज तोडते. प्लग आणि केबलची तार, दोन्ही आधीच काढून ठेवावीत. वीज डोक्यावर कडाडू लागल्यावर तारांना हात लावायला जाऊ नये.

आवाज आहे, चित्र नाही

बॅकलाइटची परीक्षा घरी करता येते. खोली अंधारी करावी, टीव्ही लावावा आणि टॉर्च पडद्याला टेकवून तिरपा धरावा. उजेडाच्या त्या वर्तुळात पुसट हलते चित्र दिसले तर पॅनल, टी-कॉन, मदरबोर्ड, सगळे ठणठणीत आहे. फक्त मागचा उजेड गेला आहे.

या उजेडाची रचना अशी: बत्तीस इंची सेटमध्ये साधारण दोन-तीन पट्ट्या, प्रत्येकीवर भिंगाची टोपी घातलेले मूठभर एलईडी, आणि ते एकापाठोपाठ एक सिरीजमध्ये. एक एलईडी उघडा पडला की त्या माळेतले सगळे विझतात आणि ड्रायव्हरचे संरक्षण पूर्ण बॅकलाइट बंद करते. कधी टीव्ही लावल्यावर पडदा क्षणभर उजळून विझतो. तोही याच संरक्षणाचा परिणाम. एलईडी मरतात ते उष्णतेने, आणि उष्णता वाढते ती जादा प्रवाहाने. दुकानात चमक दिसावी म्हणून अनेक सेट कमाल प्रखरतेवर ठेवून विकले जातात आणि घरीही ते तसेच वर्षानुवर्षे चालतात. सेटिंगमध्ये जाऊन बॅकलाइट निम्म्याच्या थोडा वर आणून ठेवणे, हा टीव्हीचे आयुष्य वाढवणारा फुकटचा उपाय आहे.

दुरुस्ती करताना एकच मेलेला एलईडी बदलला तर काही महिन्यांत शेजारचा जातो, कारण सगळे सारखेच थकलेले असतात. चांगला मेकॅनिक पूर्ण संच बदलतो आणि ड्रायव्हरचा प्रवाहही थोडा उतरवून देतो. पट्ट्या महाग नाहीत. जोखीम आहे ती त्यांच्यापर्यंत पोहोचण्यात: त्यासाठी पॅनलची पातळ काच उचलून बाजूला ठेवावी लागते. काच तडकली किंवा कडेच्या नाजूक फिती उखडल्या, तर किरकोळ दुरुस्ती जागीच अशक्य होते. काम सोपवण्याआधी ‘पॅनल फुटले तर जबाबदारी कुणाची’ हे विचारून घ्यावे.

बोधचिन्हावर अडकलेला टीव्ही

स्मार्ट टीव्हीने बिघाडाचा एक नवा वर्ग आणला. सेट लागतो, बोधचिन्ह येते, आणि तिथेच थांबतो. किंवा पुन्हा पुन्हा बंद होऊन तेच बोधचिन्ह दाखवतो. प्रणाली ज्या मेमरीत असते तिच्यावर सतत लिहिले जाते, आणि अशी मेमरी ठरावीक वेळाच लिहून घेते. अपडेट चालू असताना वीज गेली तर प्रणाली अर्धवट राहते. कधी अपडेटच सदोष असते: ऑगस्ट २०१७ मध्ये ब्रिटनमध्ये सॅमसंगच्या तेव्हाच्या नव्या एमयू मालिकेतले काही टीव्ही अशा अपडेटनंतर कित्येक दिवस निरुपयोगी झाले होते.

यावर पहिला उपाय वर सांगितलेले विसर्जन, दुसरा सेटवरच्या बटणांनी करायचा फॅक्टरी रिसेट, तिसरा पेन ड्राइव्हवरून प्रणाली नव्याने भरणे. तिसऱ्यात फाइल नेमकी त्याच बोर्डाची आणि त्याच पॅनलची लागते. दुसरी भरली तर चित्र उलटे, आरशातल्यासारखे किंवा रंग बिघडलेले येते. प्रसंगी बोर्डच गप्प होतो. मेमरी झिजलीच असेल तर चिप उखडून नवी बसवावी लागते, आणि ब्लोअर व प्रोग्रामर हाताळणारा कारागीरच ते करू शकतो.

पॅनलचे दुखणे मात्र बहुधा असाध्य. पॅनलच्या कडेला शॉर्टिंग झाले तर ते १२ व्होल्ट खाली ओढते आणि सेट लागतच नाही. मेकॅनिक मदरबोर्डपासून पॅनलकडे जाणारी फीत काढून पाहतो. ती काढल्यावर सेट जागा झाला, बॅकलाइट उजळला, तर दोष टी-कॉन किंवा पॅनलचा. टी-कॉन बदलता येतो. पॅनल बदलायचे तर ते एकटेच जवळजवळ नव्या सेटच्या किमतीला जाते, आणि तिथे थांबणे शहाणपणाचे.

दुरुस्ती कोण करणार

इथवरचा हिशेब पाहिला तर लक्षात येते की पॅनल सोडता जवळजवळ प्रत्येक बिघाड किरकोळ भागाचा आहे. तरीही ग्राहकाला मिळणारे अंदाजपत्रक किरकोळ नसते, कारण कंपनीची सेवा केंद्रे भाग दुरुस्त करत नाहीत, बोर्ड बदलतात. त्यात त्यांची सोय आहे: वेळ कमी लागतो, तंत्रज्ञाला कमी शिकवावे लागते, कामाची हमी देता येते. ग्राहकाला मात्र एका कपॅसिटरसाठी अख्ख्या बोर्डाचे पैसे मोजावे लागतात; आणि मॉडेल जुने असेल तर ‘बोर्ड येत नाही’ हे उत्तर मिळते.

गल्लीतला मेकॅनिक याच फटीत टिकून आहे. तो भाग बदलतो, आणि मूळ बोर्ड वाचत नसेल तर बाजारातला ‘युनिव्हर्सल बोर्ड’ बसवतो. चिनी बनावटीचे हे बोर्ड जवळपास कोणत्याही पॅनलला जुळवून घेता येतात. तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या चितेगावातून देशभर टीव्ही पाठवणारी व्हिडिओकॉन २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. अशा कंपन्यांचे जुने सेट चालू ठेवायला हे बोर्ड उपयोगी पडतात. पण त्यात मूळ चित्राची गुणवत्ता आणि स्मार्ट सोयी बहुधा जातात, आणि प्रवाह नीट जुळवला नाही तर बॅकलाइट लवकर जळतो. थोडक्यात, कंपनीकडे हमी आहे पण लवचीकता नाही, मेकॅनिककडे लवचीकता आहे पण सर्किटचे अधिकृत नकाशे आणि खात्रीचे भाग नाहीत.

युरोपीय संघाने ही कोंडी कायद्याने फोडायचा प्रयत्न केला. १ मार्च २०२१ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या टीव्हींसाठी, त्या मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतर किमान सात वर्षे व्यावसायिक दुरुस्तीकारांना ठरावीक सुटे भाग देणे बंधनकारक आहे. त्या यादीत आतला पॉवर सप्लाय आहे, बाहेरील जोडण्यांचे कनेक्टर आहेत आणि ४०० मायक्रोफॅरडहून मोठे कपॅसिटरही आहेत. कोणत्या भागाने टीव्ही मरतो हे कायदा लिहिणाऱ्यांनी पाहिले होते, असे ती यादी सांगते. फ्रान्सने २०२१ पासून टीव्हीवर दुरुस्तीक्षमतेचे गुण छापायला लावले आणि २०२५ पासून त्यात टिकाऊपणाही धरला.

भारतात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’चे पोर्टल सुरू केले, कंपन्यांनी पुस्तिका, सुटे भाग, हमी यांची माहिती एका जागी द्यावी असा त्याचा हेतू. ते स्वागतार्ह आहे, पण माहिती देणे आणि भाग देणे यांत अंतर आहे.

हमीच्या काळात बिघाड झाला आणि कंपनी टोलवाटोलवी करू लागली तर ग्राहकाला रस्ता आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. तिथे न भागल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. हमीपत्रातले ‘व्होल्टेजच्या चढउताराने झालेले नुकसान’ वगळणारे कलम मात्र आधीच वाचून ठेवावे. कंपन्यांचा पहिला बचाव तोच असतो.

आणि सेट खरोखर संपलाच असेल तर तो भंगारवाल्याला फोडायला देऊ नये. जुन्या पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसे असते, एलईडीपूर्वीच्या एलसीडी टीव्हींच्या बॅकलाइटमध्ये पारा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांवर पुनर्चक्रणाची जबाबदारी टाकली आहे. कंपनीचे संकलन केंद्र किंवा अदलाबदलीची योजना हा त्यातल्या त्यात बरा मार्ग.

निर्णय

मेकॅनिक निदान करून पैसे सांगतो तेव्हा त्याला दोन गोष्टी मागाव्यात: कोणता भाग गेला त्याचे नाव बिलावर, आणि काढलेला जुना भाग हातात. जो भागाचे नाव सांगतो, त्याने निदान केलेले असते. जो नुसते ‘बोर्ड गेला’ म्हणतो, त्याने बहुधा केलेले नसते. दोष सप्लायचा किंवा बॅकलाइटचा असेल आणि पॅनल चांगले असेल, तर आठ-दहा वर्षांचा सेटही दुरुस्त करणे परवडते. मदरबोर्डचा असेल तर सेटचे वय आणि बोर्डाची उपलब्धता पाहावी. पॅनलचा असेल तर नवा घ्यावा.

आणि नवा घेताना दुकानदाराला पडद्याचे इंच आणि आवाजाचे वॉट विचारून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारावा: या मॉडेलचा सप्लाय बोर्ड आणि बॅकलाइटच्या पट्ट्या किती वर्षे मिळतील? आज बहुतेक दुकानांत याला उत्तर नाही. टीव्ही किती वीज खातो हे सांगणारे तारे त्याच्या लेबलवर छापले जातात, कारण तसा नियम आहे. सुटे भाग किती वर्षे मिळतील तो आकडाही त्यांच्या शेजारी आला, तर बंद पडलेल्या टीव्हीचा निम्मा प्रश्न तो विकत घेतानाच सुटेल. ग्राहकांनी आणि ग्राहक संघटनांनी मागावी अशी ही साधी, मोजता येणारी गोष्ट आहे.